एरिथेइया : कलह की कलहामागील हेतू?

नव्या करारातील ‘एरिथेइया’ हा ग्रीक शब्द ‘एरिस’ म्हणजे कलह या शब्दाचाच एक पर्याय होय, ही समजूत पुरातन आहे. लॅटिन व्हल्गेटने त्यासाठी भांडणवाचक शब्द योजले. १६११ च्या अधिकृत इंग्रजी भाषांतरानेही तीच वाट धरली. या समजुतीच्या मुळाशी दोन शब्दांतील ध्वनिसाम्य आहे. व्युत्पत्ती मात्र तिला आधार देत नाही.

‘एरिथेइया’चे मूळ ‘एरिथॉस’ या शब्दात आहे. एरिथॉस म्हणजे मोलाने राबणारा मजूर. ‘इलियड’च्या अठराव्या सर्गात अकिलीजच्या ढालीवरील शेतात पीक कापणारे मजूर याच नावाने येतात. मोलाने काम करणे या अर्थाचे क्रियापद पुढे राजकीय व्यवहारात शिरले आणि पदप्राप्तीसाठी खटपटी करून पाठिंबा जुळवणे, असा हीन अर्थ त्यास चिकटला. अॅरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’च्या पाचव्या भागात राज्यव्यवस्था पालटण्याच्या कारणांत एरिथेइयाची गणना केली आहे. हेराइया नगरात अशा खटपटी करणारेच निवडून येऊ लागले, म्हणून तेथे निवडणुकीऐवजी चिठ्ठ्या टाकून अधिकारी नेमण्याची पद्धत आली, असे उदाहरण तो देतो. येथे शब्दाचा रोख भांडणावर नसून पदाच्या हव्यासावर आहे.

पौलाच्या पत्रांतील अंतर्गत पुरावाही याच दिशेने जातो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आणि करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात दुर्गुणांच्या याद्या आहेत. दोन्ही याद्यांत ‘एरिस’ आणि ‘एरिथेइया’ हे शब्द स्वतंत्रपणे येतात. दोन्ही समानार्थी असते तर एकाच यादीत दोहोंचे प्रयोजन उरत नाही. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्राचा पहिला अध्याय याहून बोलका आहे. पौल बंदिवासात असताना काही जण एरिथेइयाने ख्रिस्ताची घोषणा करतात, असे तो म्हणतो. त्यांची घोषणा खोटी असल्याचा आक्षेप तो घेत नाही. ख्रिस्त गाजवला जातो याचा त्याला आनंदच आहे. आक्षेप आहे तो हेतूवर. तात्पर्य, कृती निर्दोष असतानाही तिच्यामागे एरिथेइया असू शकते.

या पार्श्वभूमीवर मराठी भाषांतराची निवड लक्षणीय ठरते. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी आवृत्तीत गलतीकरांच्या पत्रातील यादीत ‘एरिस’साठी ‘कलह’ आणि ‘एरिथेइया’साठी ‘तट’ हा शब्द आहे. गावात तट पडणे म्हणजे काय, हे मराठी वाचकास सांगावे लागत नाही. १८८१ च्या सुधारित इंग्रजी भाषांतरानेही गटबाजीचाच अर्थ स्वीकारला होता. मंडळीच्या जीवनाविषयी बोलणाऱ्या वचनांत ‘तट’ हा शब्द म्हणूनच समर्पक आहे. तथापि ‘तट’ हा परिणाम होय. ‘एरिथेइया’ त्या परिणामामागील वृत्तीचे नाव आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सत्य नाकारणाऱ्या माणसांचे वर्णन करताना हाच शब्द येतो. तेथे कोणत्याही मंडळीतील पक्षभेदाचा संदर्भ नाही. त्या ठिकाणी ‘तट पाडणारे’ ही योजना अपुरी पडते. ‘स्वार्थपरायण’ हा शब्द मूळ अर्थाच्या अधिक जवळ जातो.

हा केवळ कोशकारांचा वाद नव्हे. एरिथेइया म्हणजे कलह असे मानले, तर प्रत्येक मतभेद पापाच्या कोटीत जातो आणि दोष आपोआप विरोध करणाऱ्यावर येतो. परंतु अंत्युखियात पेत्राला तोंडावर विरोध केल्याचे पौल गलतीकरांना याच पत्रात निःसंकोचपणे सांगतो. सत्यासाठी केलेला वाद आणि स्वतःसाठी केलेली खटपट यांत त्याच्या दृष्टीने मूलभूत अंतर आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस रोमच्या मंडळीने करिंथच्या मंडळीस पाठविलेले, क्लेमेंटच्या नावाने ओळखले जाणारे पत्र या संदर्भात वाचनीय आहे. करिंथमध्ये वडिलांना पदावरून दूर करण्यात आले, त्या घटनेस हे पत्र ‘स्टासिस’ म्हणजे बंड म्हणते. पदच्युत करणाऱ्यांची बाजू मात्र त्यात त्यांच्या शब्दांत ऐकू येत नाही. बंडाचा आरोप सहसा पदावर नसलेल्यांवरच होतो. एरिथेइयाचा आरोप मात्र पद मिळवू पाहणाऱ्यावर आणि पद राखू पाहणाऱ्यावर सारखाच लागू होतो.

म्हणून या शब्दाचे भाषांतर करताना आणि ते शिकविताना ‘कलह’ हा सोपा पर्याय टाळणे इष्ट होय. ‘तट’ ठेवावा तेथेही त्यामागील मोलकऱ्याची बुद्धी, म्हणजे प्रत्येक सेवेचा मोबदला मोजणारी दृष्टी, विवेचनात स्पष्ट केली पाहिजे. त्यावाचून पौलाची टीका गोंगाट करणाऱ्यांपुरती उरते आणि शांतपणे स्वार्थ साधणारे तिच्यातून सुटतात.