कंसांना अर्थ द्या

जिओजेसनमध्ये पुण्याचे स्थान लिहायचे तर आधी ७३.८५६७ आणि मग १८.५२०४, म्हणजे रेखांश आधी, अक्षांश नंतर. ऑगस्ट २०१६ मधील आरएफसी ७९४६ या मानकाने हा क्रम ठरवून दिला आहे. बोलताना मात्र आपण अक्षांश आधी घेतो आणि तीच सवय कोडमध्ये उतरते. आकडे उलटे वाचले की पुणे नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जाऊन पडते. एरर येत नाही. अक्षांश ९० च्या आत आहे का, ही तपासणीही निमूट पार पडते, कारण अख्ख्या महाराष्ट्राचे रेखांश ९० च्या आतच आहेत.

अ‍ॅरेतल्या आकड्याला नाव नसते, त्याची जागा हाच त्याचा अर्थ. अ‍ॅरेच्या आत अ‍ॅरे येऊ लागल्या की हा अर्थ आणखी खोल दडतो. जिओजेसनमध्ये पॉइंट म्हणजे आकड्यांची एक अ‍ॅरे. लाइनस्ट्रिंग म्हणजे अशा स्थानांची अ‍ॅरे. पॉलिगॉन म्हणजे कड्यांची अ‍ॅरे: पहिले कडे बाहेरची हद्द, बाकीची आतली भोके. प्रत्येक कड्यात किमान ४ स्थाने हवीत आणि शेवटचे स्थान पहिल्यासारखेच हवे. मल्टिपॉलिगॉनमध्ये आणखी एक थर. या सगळ्यांसाठी फील्ड मात्र एकच, ‘कोऑर्डिनेट्स’. आत किती थर आहेत हे शेजारचे ‘टाइप’ सांगते, आणि जेसनमध्ये फील्डच्या क्रमाची हमी नसल्याने ते नंतरही येऊ शकते.

हे थर उलगडण्याचे काम लायब्ररीवर सोपवून आपण मोकळे होतो. पण जावामध्ये जॅक्सनला नुसते ‘लिस्ट’ एवढेच सांगितले, तर ती आतल्या प्रत्येक ऑब्जेक्टचा लिंक्डहॅशमॅप करून देते. पार्सिंग यशस्वी होते आणि क्लासकास्ट एक्सेप्शन येते ते भलत्याच फाइलमध्ये, पहिला घटक हाताळताना. म्हणून जॅक्सनला टाइपरेफरन्स आणि जीसनला टाइपटोकन देऊन पूर्ण प्रकार सांगावाच लागतो. पायथनच्या जेसन मॉड्यूलमधून तर डिक्शनरी आणि लिस्टच हाती येतात. त्यांचा आकार तपासणे सर्वस्वी आपल्याकडे.

आमचे म्हणणे एवढेच, की मजकुराचे ऑब्जेक्ट करणे म्हणजे कंस उलगडणे नव्हे, अर्थ पक्का करणे. ते काम डेटा आत येतो तिथेच व्हावे. ‘स्थान’, ‘कडे’, ‘बहुभुज’ असे क्लास करा. कडे बंद नसेल तर त्याचा ऑब्जेक्ट तयारच होऊ देऊ नका. फील्ड नसणे, ते नल असणे आणि अ‍ॅरे रिकामी असणे या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. एररमध्ये कितव्या फीचरचे कितवे कडे, हा पूर्ण मार्ग द्या. बाहेरून येणाऱ्या डेटाच्या खोलीला मर्यादा घाला: जॅक्सनने २.१५ मध्ये ती १००० ठेवली, डॉटनेटच्या सिस्टिम टेक्स्ट जेसनमध्ये ती ६४ आहे. आणि टेस्टमध्ये दिब्रुगढचा एक बिंदू जरूर ठेवा. त्याचा रेखांश ९४.९ च्या आसपास आहे. अदलाबदल झाली की तो तपासणीत लगेच सापडेल.

डेडलाइन जवळ असताना एवढे कोण करणार, असे विचारले जाईल. पण हे आकडे कुणाच्या तरी शेताची हद्द असतात, कुठे पूररेषा असतात. चुकीच्या थरातून घेतलेला आकडाही आकडाच असतो. तो पुढच्या हिशेबात बिनबोभाट मिसळतो, नकाशावर छापला जातो आणि त्यावर निर्णय होतात. हद्द चुकल्याचे कळते ते त्या शेतकऱ्याला, आपल्या लॉगला नाही.

या महिन्यात प्रत्येक टीमने आपल्या कोडमध्ये ‘कोऑर्डिनेट्स’ शोधावे. त्यापुढे शून्य, शून्य, एक असे कंस रांगेने दिसले, तर त्या जागी नाव असलेला ऑब्जेक्ट आणावा आणि त्याची टेस्ट लिहावी. नवीन फीचरइतकेच हे कामही मोलाचे आहे, आणि स्प्रिंटमध्ये त्याला तशीच जागा मिळायला हवी.