फौजीकाकांची दुसरी गाडी

मागच्या आठवड्यात सातारा जिल्ह्यातल्या एका सातवीतल्या मैत्रिणीचं पत्र आलं. तिचे बाबा सैन्यात ड्रायव्हर होते. आता निवृत्त झालेत आणि ट्रकवर जाणार आहेत. ती लिहिते, "शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी दरवर्षी 'सैनिक' लिहायचे. आता काय लिहू? मुली हसतील."

मला काही चटकन उत्तर सुचेना. पत्र खिशात घालून मी थेट आमच्या शेजारच्या फौजीकाकांकडे गेलो. तेही आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते. हे दल सैन्याला रेशन, डिझेल, सगळं पोचवतं. १७ वर्षं नोकरी करून काका घरी आले, तेव्हा त्यांचं वय अवघं ३७. सैन्याला तरुण माणसं लागतात, म्हणून जवानांची निवृत्ती लवकर येते. पेन्शन मिळते, पण मुलांची शिक्षणं आणि घराचे हप्ते तेवढ्यात भागत नाहीत.

"मग ट्रकच का?" मी विचारलं.

"दुसरं येतंय काय मला?" काका हसले. "पण खरं सांगू? मला वाटलं होतं, स्टिअरिंग तेच, रस्ता तोच. तसं नव्हतं."

पहिली अडचण परवान्याची. लष्करात मिळालेला परवाना लष्कराच्या गाड्यांपुरता. (त्या गाड्यांच्या नंबरात वर टोक केलेला बाण असतो, कधी पाहिलाय?) बाहेर ट्रक चालवायचा तर आरटीओचा परवाना हवा. काकांनी तो निवृत्तीआधीच काढून ठेवला, हे शहाणपणाचं. अमेरिकेत सैन्यात दोन वर्षं अवजड गाडी चालवलेल्याने बाहेर पडल्यावर वर्षाच्या आत अर्ज केला, तर गाडी चालवून दाखवायच्या परीक्षेतून सूट मिळू शकते. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "परीक्षेचं काय, ती दिली असती की. एकटेपणाची सवय कोण देणार?"

सैन्यात गाड्या ताफ्याने निघतात. वेग ठरलेला, दोन गाड्यांतलं अंतर ठरलेलं, थांबायची ठिकाणं ठरलेली. बिघाड झाला तर दुरुस्तीवाले सोबत. इथे रात्री दोन वाजता टायर बसला, तर तुम्ही आणि क्लीनर. आणि मालकाचा फोन, "कुठवर आलास?"

खरी गाठ पडली ती घाटात. काकांनी साडेतीन हजार मीटर उंचीच्या झोजी ला खिंडीतून स्टॅलियन गाडी कितीदा तरी उतरवलेली. तिथला नियम, उताराला छोटा गिअर. गिअरमध्ये असलं की इंजिनच गाडीला मागे ओढून धरतं आणि ब्रेकवर भार कमी येतो. गाडी न्यूट्रलला टाकली की सगळं वजन एकट्या ब्रेकवर. दाबून दाबून ते तापतात आणि मग धरतच नाहीत. त्यात इंजिन बंद केलं तर एअर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो.

पण काकांचा पहिला मालक म्हणाला, "कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत न्यूट्रलला सोडायची. डिझेल वाचतं." पुण्याच्या त्याच उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकमुळे अनेक गाड्यांचा चुराडा झाला होता. काकांनी साफ नकार दिला. महिनाअखेरीला डिझेलचा हिशोब मांडून मालकाने त्यांना घरी बसवलं. दीड महिना काम नव्हतं. काकू शिवणकाम करायच्या, त्यावर भागलं. दुसरा मालक भेटला तो डिझेल मोजणाराच, पण त्याने एवढंच विचारलं, "गाडी आतापर्यंत कुठे ठोकलीय का?" काका म्हणाले, "नाही." नोकरी पक्की.

आजही निघण्याआधी काका गाडीभोवती फिरतात. तेल, पाणी, दिवे, मग टॉमीने एकेका टायरवर ठोका. सैन्यात याला 'फर्स्ट परेड' म्हणतात. गल्लीतली पोरं मागून आवाज मोजत फिरतात.

शेवटी मी खिशातलं पत्र काढून दिलं. ते वाचून काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आमच्या पोरीनं तर तो रकाना कोराच सोडला होता. बाईंनी फॉर्म परत पाठवला, तेव्हा मला कळलं. मीच पेन घेतलं आणि लिहिलं, ट्रक ड्रायव्हर."

"मग ती काय म्हणाली?"

"म्हणाली, आबा, माजी सैनिक पण लिहू का? म्हटलं, जागा उरली तर लिही."