विज्ञानवार्ता पुरी केव्हा होते?

नव्या शोधांची वार्ता जनतेस द्यावी, याविषयी दुमत नाही. ती अर्धवट देऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. भिलाईचेच उदाहरण घेऊ. सोव्हिएत साहाय्याने उभारलेल्या येथील पोलाद-कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. अशा भट्टीत कोकपासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू लोहखनिजातील ऑक्सिजन हिरावून घेतो. लोखंड मोकळे होते आणि कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. २०२१ साली स्वीडनमधील ‘हायब्रिट’ प्रकल्पात हेच कार्य हायड्रोजनकडून करवून घेण्यात आले, व त्यापासून निघाली ती केवळ पाण्याची वाफ.

‘धुराविना पोलाद’ एवढ्यावरच वार्ता थांबली, तर कँप-१ मधील कामगाराच्या हाती काय लागले? असा हायड्रोजन पाण्यापासून विजेच्या साहाय्याने काढावा लागतो. ती वीज कोळशाची असेल, तर धूर नाहीसा होत नाही. तो फक्त जागा बदलतो. ज्यांची उपजीविका भट्टीवर आहे, त्यांना ही अट शोधाबरोबरच कळली पाहिजे.

शिक्षकांनी व ग्रंथपालांनी प्रत्येक वार्तेस दोन प्रश्न विचारण्याची सवय वाचकास लावावी: हे कसे घडते? आणि ते कशावर अवलंबून आहे? त्यांची उत्तरे मिळाली, म्हणजेच वार्ता पुरी झाली.