पाकोळीला आधी ओळखा, मग दोष द्या

परवा द्राक्षबागेच्या जाळीत एक पाकोळी अडकली होती. शेजारी म्हणाले, "हीच मणी खाते, मारा." अंगठ्याएवढा तर जीव! चामडी हातमोजा घालून सोडवली. (उघड्या हातानं धरू नका, चावली तर रेबीजचा धोका.)

सोडण्याआधी तोंड पाहिलं. डोळे मोहरीएवढे, पंखाच्या दुसऱ्या बोटाला नखी नाही. म्हणजे किडे खाणारी. मणी खाणाऱ्या वटवाघळाचे डोळे मोठे, तोंड कुत्र्यासारखं आणि अंगठ्याशेजारच्या बोटालाही नखी. २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत फळं खाणारी वटवाघळं कायद्यानं उंदरांसोबत उपद्रवी यादीत होती. आपण मात्र पाकोळीलाही त्यातच धरतो.

माझं म्हणणं, हिची नोंद ठेवावी. फवारणीची तारीख, औषध, डोस लिहितोच ना आपण? तसंच गाव, वेळ, फोटो. पण जात ठोकून देऊ नका. पिपिस्ट्रेल गटातल्या दोन लहान जाती इतक्या सारख्या की कोपर ते मनगट मापलं तरी आकडे एकमेकांत मिसळतात. कवटी तपासावी लागते. १९११ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीनं सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण काढलं, त्याचा पहिला अहवाल आपल्या शेजारच्या खानदेशाचा. तेव्हा प्राणी मारून कातडं-कवटी जपून ठेवत. आपल्याला मारायची गरज नाही, आणि खोटं नावही द्यायची नाही. माझ्या वहीत 'पिपिस्ट्रेल, जात नक्की नाही' एवढंच आहे.

तुमच्या जाळीत सापडली तर फोटो टाका, तारीख घालून. नावाचं मागाहून बघू.