कठीण दगड आणि शनिवारची दुपार

फर्गस सूटर हा पाथरवट. १८७८ मध्ये तो ग्लासगोहून लँकशायरमधल्या डार्वेन या गिरण्यांच्या गावी आला, तिथल्या संघाकडून फुटबॉल खेळू लागला आणि थोड्याच दिवसांत छिन्नी-हातोडा खाली ठेवून मोकळा झाला. कारण काय, तर म्हणे इकडचा दगड फार कठीण, हात सुजतात. दगडाचं काम सुटलं तरी सूटरची चूल पेटत राहिली. ती कशावर पेटते हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. पैसे घेऊन खेळणं त्या काळच्या इंग्लंडमध्ये सभ्य माणसाचं लक्षण नव्हतं.

फुटबॉलचा इतिहास सांगताना बहुतेक जण १८६३ पासून सुरुवात करतात. लंडनच्या ‘फ्रीमेसन्स टॅव्हर्न’मध्ये काही मंडळी जमली, फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, नियम लिहिले गेले. हे सगळं खरंच आहे. पण नियम लिहिणारी मंडळी फावल्या वेळेची श्रीमंत होती. सूतगिरणीत दिवसाचे दहा तास उभ्या असलेल्या माणसाला ऑफसाइडचा नियम कळून उपयोग काय? त्याला आधी दुपार मिळायला हवी होती.

ती मिळाली १८५० च्या कारखाना कायद्याने. कापडगिरण्यांतल्या बायका आणि अल्पवयीन मुलं यांचं काम शनिवारी दुपारी दोनला थांबलंच पाहिजे, असं त्यात ठरलं. पुरुषांबद्दल कायदा गप्प होता. मात्र गिरणीची सगळी यंत्रं एकाच वाफेच्या इंजिनावर, एकाच लांबलचक दांड्याला जोडलेल्या पट्ट्यांवर फिरत. निम्म्याहून अधिक हात निघून गेल्यावर कोळसा जाळत इंजिन चालवणं मालकाला परवडेना. म्हणून भोंगा झाला की पुरुषही बाहेर. घरी जायचं, काजळी धुवायची, दोन घास खायचे आणि मैदान गाठायचं, तोवर तीन वाजत. इंग्लंडमधले सामने शनिवारी तीनला का, याचं उत्तर या भोंग्यात आहे. मालकांचंही त्यात साधलं, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. जुने कारागीर आठवड्याच्या कमाईवर रविवार साजरा करून सोमवारी खुशाल दांडी मारत. शनिवारचा अर्धा दिवस देऊन मालकांनी तो सोमवार हळूहळू काढून घेतला.

आता पुन्हा डार्वेनकडे. गोलमेज परिषदेसाठी विलायतेला गेलेले गांधीजी १९३१ मध्ये गिरणी कामगारांना भेटायला गेले आणि मुक्कामाला राहिले, ते हेच डार्वेन. त्याच्या अर्धशतक आधी, १८७९ मध्ये, या गावाच्या संघाची एफए कपच्या उपांत्यपूर्व फेरीत ओल्ड इटोनियन्सशी गाठ पडली. समोर ईटन या खानदानी शाळेचे माजी विद्यार्थी, आणि सामना लंडनमध्ये. डार्वेन १-५ ने मागे होतं. शेवटच्या पाव तासात त्यांनी चार गोल केले. ५-५. जादा वेळ खेळू या, असं डार्वेनने म्हटलं. इटोनियन्सनी नकार दिला. म्हणजे पुन्हा लंडन. ती लढत २-२. तिसऱ्यांदा लंडन, आणि मग मात्र २-६ असा पराभव. प्रत्येक खेपेला आगगाडीचं भाडं आणि त्यावर बुडालेली मजुरी. गावाने वर्गणी काढून खर्च भागवला. आपल्याकडे गणपतीची वर्गणी निघते तशी तिथे फुटबॉल संघाची निघाली. इटोनियन्सच्या खेळाडूंना मात्र एका दिवसाचा खाडा म्हणजे किती शिलिंगं, हा हिशेब कधी करावा लागला नसणार.

हौशी खेळाचं जे उदात्त तत्त्व पुढे ऑलिंपिकपर्यंत मिरवलं गेलं, ते मुळात एक कुंपण होतं. पैसे न घेता खेळा, असं म्हणणं त्यालाच सोपं, ज्याला पैसे न मिळवताही जगता येतं.

कुंपणाला पहिलं मोठं भगदाड पडलं ३१ मार्च १८८३ ला. लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर ब्लॅकबर्न ऑलिंपिक या लँकशायरच्या क्लबने त्याच ओल्ड इटोनियन्सना जादा वेळेत २-१ ने हरवलं आणि कप उत्तरेला नेला. ऑलिंपिकच्या संघात विणकर होते, एक नळकाम करणारा होता, तसबिरींच्या चौकटी बनवणारा होता. विजयी गोल मारणारा जिमी कॉस्टली सूतकताईच्या कामावरचा. लोखंडाच्या ओतशाळेचा मालक सिडनी येट्स याने पैसे दिले म्हणून या मंडळींना सामन्याआधी ब्लॅकपूलच्या समुद्रकाठी राहून सराव करता आला. यावर लंडनकरांची नाकं मुरडली गेली. सामन्यासाठी काम सोडून आठवडाभर सराव? हा खेळ की धंदा?

पुढच्याच वर्षी प्रेस्टन नॉर्थ एंडविरुद्ध तक्रार झाली. क्लबचा कारभारी विल्यम सडेल हा स्वतः सूतगिरणीचा व्यवस्थापक. खेळाडूंना बाहेरून आणून गावात कामाला लावतो, हे त्याने सरळ कबूल केलं. प्रेस्टन स्पर्धेतून बाद झालं, पण उत्तरेचे क्लब वेगळी संघटना काढायच्या गोष्टी करू लागले तेव्हा असोसिएशन नमली. जुलै १८८५ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना, अटी घालून का होईना, मान्यता मिळाली. फुटबॉलच्या इतिहासात एकच साल लक्षात ठेवायचं झालं तर १८६३ नव्हे, हे ठेवावं.

मजुरी द्यायची म्हणजे दर शनिवारी गल्ला जमायला हवा, त्यासाठी सामने ठरलेले हवेत. यातूनच १८८८ मध्ये फुटबॉल लीग जन्मली. पुढाकार बर्मिंगहॅममधल्या विल्यम मॅक्ग्रेगर या कापडदुकानदाराचा. बारा क्लब, त्यातले निम्मे लँकशायरचे. लंडनचा एकही नाही. ब्लॅकबर्नमधून जागा मिळाली ती गावातल्या दुसऱ्या क्लबला, ब्लॅकबर्न रोव्हर्सला. उत्तरेला पहिला कप आणणारं ऑलिंपिक १८८९ मध्ये बंद पडलं.

कामगारांचा खेळ म्हणून या कहाणीला हार घालताना एक गोष्ट विसरू नये. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि प्रेस्टनच्या ‘डिक, कर’ कारखान्यात दारूगोळ्याच्या कामावरच्या मुलींनी १९१७ मध्ये संघ उभा केला. १९२० च्या नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला सुमारे ५३ हजार लोक आले. वर्षभरात, डिसेंबर १९२१ मध्ये, असोसिएशनने आपल्या क्लबांची मैदानं बायकांना बंद केली. हा खेळ त्यांना मानवत नाही, असं कारण दिलं. मैदानं जवळपास पन्नास वर्षं बंद राहिली.

मुंबईची गोष्ट इथून फार लांबची नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या स्पर्धेने धास्तावलेले लँकशायरचे मालक हिंदुस्थानातही कारखाना कायदा हवा म्हणून आग्रह धरत होते. कळवळ्यापेक्षा त्यात धंद्याचं गणित अधिक. इथल्या कामगाराला आठवड्याची सुट्टी मिळवून दिली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्याने, १८९० मध्ये. पुढच्याच वर्षी मुंबईत रोव्हर्स कप सुरू झाला, पण तो गोऱ्या पलटणींचा. भारतीय संघाने तो पहिल्यांदा जिंकायला १९३७ उजाडलं, आणि तोही संघ बंगळूरचा. गिरणगावचा रविवार कबड्डीकडे गेला. कबड्डीला ना चेंडू लागत होता, ना एवढं मोठं मैदान.

आणि शनिवारचे तीन? प्रेक्षक घरी बसून राहिले तर लहान क्लबांच्या मैदानांवर कोण येणार, या भीतीपोटी ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच थेट प्रक्षेपणाला आजही बंदी आहे. परदेशाला ती लागू नाही. हिवाळ्यात शनिवारी रात्री साडेआठला कोल्हापूरच्या घरात थेट दिसणारा प्रीमियर लीगचा सामना ब्लॅकबर्नच्या घरात दिसत नाही.