नाकाच्या भरवशावर

जेट विमानातील प्रवासी श्वासात घेतो ती हवा बहुधा इंजिनातून आलेली असते. इंधन पेटण्याच्या आधीच्या टप्प्यावर कॉम्प्रेसरमधली दाबलेली, तापलेली हवा काढून घेतात, थंड करतात आणि केबिनमध्ये सोडतात. केबिनमधली साधारण निम्मी हवा अशी येते, उरलेली आतल्या आत फिरते. करोनाच्या काळात विमान कंपन्यांनी ज्या हेपा फिल्टरचे पोवाडे गायले, तो या फिरत्या हवेसाठी असतो. इंजिनातून थेट येणाऱ्या हवेला बहुतेक विमानांत फिल्टरच नाही.

इंजिनाच्या बेअरिंगमधले तेल जागेवर राखणारी सील हवेच्या दाबावर काम करतात. दाब खालीवर झाला, सील झिजले किंवा तेल जास्त भरले गेले की ते हवेत उतरते आणि उष्णतेने त्याचा धूर होतो. या तेलात झीज रोखण्यासाठी ट्रायक्रेसिल फॉस्फेट हे ऑर्गॅनोफॉस्फेट मिसळलेले असते. त्याच्याच एका रूपाची भेसळ आल्याच्या अर्कात झाली, तेव्हा १९३० मध्ये अमेरिकेत हजारोंचे पाय लुळे पडले होते. ते रूप आजच्या तेलात नगण्य आहे, असे सांगितले जाते. बाकीच्या रूपांबद्दल सांगणाऱ्यांचा उत्साह कमी पडतो.

तेलाचा धूर आत आला की केबिनमध्ये मळक्या मोज्यांसारखा वास सुटतो. डोके जड होते, गरगरते, बोटांना मुंग्या येतात. काहींची विस्मरणाची आणि थरथरीची तक्रार महिनोन्‌महिने टिकते. १९९९ मध्ये संशोधकांनी याला ‘एरोटॉक्सिक सिंड्रोम’ म्हटले. वैद्यकाने ते नाव अजून रोग म्हणून स्वीकारलेले नाही. प्रवासी दोन-चार तासांत उतरून घरी जातो. क्रूचे मात्र वर्षाकाठी शेकडो तास याच हवेत जातात.

विमानात तेलाचा दाब मोजला जातो, इंजिनाची थरथर मोजली जाते, दाराची कडी नीट बसली की नाही तेही कॉकपिटला कळते. हवेत तेल मिसळले आहे का, हे ओळखायला आहे ते क्रूचे नाक. वास आला तर लिहून द्यायचे. पुरावा मागितला तर तो हवेत विरलेला. ऑस्ट्रेलियात १९९२ च्या एका उड्डाणात धुराने फुफ्फुसांना इजा झालेल्या हवाई सेविकेचा दावा २०१० मध्ये मिटला. अठरा वर्षे!

दुसरी बाजू अशी की मोजमापांत घातक पातळी सापडली नाही. ब्रिटनमधील क्रॅनफिल्ड विद्यापीठाने २०११ मध्ये शंभर उड्डाणांचा अहवाल दिला. त्या शंभरांत नोंद करण्याजोगी धुराची एकही घटना घडली नव्हती. पाऊस नसलेल्या दिवशी छप्पर तपासून ते गळत नाही असा दाखला देण्याचाच हा प्रकार. अमेरिकेत केबिनची हवा तपासणारे संवेदक सक्तीचे करणारे विधेयक २०१७ पासून पुन्हा पुन्हा मांडले गेले आणि तसेच राहिले. २०२४ च्या विमान वाहतूक कायद्याने दिली ती धुराच्या घटना ‘स्वेच्छेने’ कळवण्याची व्यवस्था आणि आणखी एक अभ्यास. म्हणजे पुन्हा नाकच. त्याच वर्षी २३ डिसेंबरला बुखारेस्टहून झुरिकला निघालेले विमान इंजिनातील बिघाडाने धुराने भरले आणि ग्राझला उतरवावे लागले. केबिन क्रूमधील एकजण आठवड्याभरात दगावला.

पुरावा सोसणाऱ्याकडेच मागण्याचा हा खाक्या महाराष्ट्राला अनोळखी नाही. २०१७ मध्ये यवतमाळमध्ये कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले. वापरातल्या औषधांत ऑर्गॅनोफॉस्फेटही होते. मात्रा आणि जात निराळी, पण पहिला प्रश्न विचारला गेला तो मेलेल्यालाच: मास्क का लावला नाही? विष विकणाऱ्याची पाळी नंतर. सिलिकोसिस झालेल्या खाणकामगाराला क्षयरोगी ठरवण्याची रीतही याच घराण्यातली. आजार कामाचा आहे हे कामगाराने सिद्ध करायचे आणि मोजण्याचे यंत्र मालकाने बसवायचे नाही.

उपाय नाही म्हणावे तर २०११ पासून सेवेत असलेले बोइंग ७८७ केबिनची हवा इंजिनातून घेतच नाही. विजेवर चालणारे कॉम्प्रेसर ती बाहेरून ओढतात. बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० मालिकेची विमाने मात्र जुन्याच पद्धतीने हवा घेतात आणि भारतातली बहुतांश देशांतर्गत वाहतूक त्यांच्यावरच चालते. त्यांत फिल्टर आणि संवेदक बसवण्याची सक्ती आजवर कोणत्याही मोठ्या नियामकाने केलेली नाही.