काठ हवा, कठडा नको

तळ्याकाठी दिवस घालवणे हा रिकामटेकड्यांचा छंद आहे, असे मानणाऱ्यांशी आमचा वाद आहे. अनगोळकरांना समुद्र घाट उतरल्याखेरीज भेटत नाही. सामान्य कुटुंबाची चौपाटी म्हणजे बेळगावचा किल्ला तलाव; सवड काढून गेलेच, तर कोल्हापूरचा रंकाळा. तिथे राजघाटाच्या पायऱ्या पाण्याकडे उतरतात. आजोबा पायरीवर टेकतात, नातू खडे फेकतो, संध्याकाळ आपोआप होते.

नव्या सुशोभीकरणाला मात्र काठ नको असतो, कठडा हवा असतो. कारंजी, दिवे, फरशी सारे येते; सावली तेवढी राहून जाते. (नोकरीत असताना अशा अंदाजपत्रकांवर आम्हीही सह्या केल्या आहेत. झाडांसाठी त्यांत रकानाच नसे.) 2018 साली किल्ला तलावाकाठी 110 मीटर उंचीचा ध्वजस्तंभ उभा राहिला. त्याला आमचा विरोध नाही. आमची मागणी त्याहून फार ठेंगणी आहे: पाठ टेकता येईल असे बाकडे, त्यावर झाडाची सावली, आणि बायकांना निःसंकोच जाता येईल असे स्वच्छतागृह. हे शेवटचे नसेल, तर निम्मे कुटुंब दुपारपूर्वीच घरी परतते. आमच्या घरचा तरी हाच अनुभव आहे.